महशीचं मीठ

कैरोत आम्ही राहायचो त्या इमारतीत वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस कुणी ना कुणी उपाशी असायचं, आणि तरी दुपार कलली की जिन्यात शेपू, जिरं आणि आटत आलेल्या टोमॅटोचा वास दाटून यायचा. वरच्या मजल्यावर तांत राहायची, खालच्या मजल्यावर हाग्गा. तांत कॉप्टिक ख्रिश्चन, हाग्गा मुसलमान. तांत हा शब्द फ्रेंचमधून कैरोच्या घराघरांत आलेला, आपल्या मावशी-काकूसारखा. हज करून आलेल्या बाईला हाग्गा म्हणतात. कैरोची माणसं ज चा ग करतात, म्हणून हज्जाची हाग्गा. दोघींची खरी नावं मला ठाऊक होती, पण तीन वर्षांत ती कधी तोंडी आली नाहीत.

या दोघींनी मला महशी शिकवली. पाककृती सांगून नव्हे. त्यांनी मला चव बघायला बसवलं.

नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्याहून मी तिथे गेले ती २०१५च्या ऑक्टोबरात. आमचा भाग मस्र इल-गदीदा, नकाशावरचं हेलिओपोलिस. एका बेल्जियन बॅरननं १९०५ साली वाळवंटात हे उपनगर वसवायला घेतलं आणि स्वतःसाठी तिथे एक महाल बांधला, तो थेट हिंदू देवळाच्या घाटाचा. शिखर, हत्ती, मूर्ती, सगळं. संध्याकाळी फिरायला निघालं की तो महाल दिसायचा आणि पहिले काही आठवडे त्याच्याकडे बघून माझा गळा दाटून यायचा. मग एका दुपारी तांतनं दार वाजवलं. हातात झाकलेली ताटली. वर हिरवी कोसा, पांढरं वांगं, कोबीच्या बोटाएवढ्या गुंडाळ्या. तिला कुणीतरी सांगितलं होतं की ही हिंदी मुलगी मांस खात नाही. "हे सियामी आहे," ती म्हणाली. उपवासाचं.

मी शाकाहारी, आणि कैरोत शाकाहारी म्हणजे काय हे समजावता समजावता थकून गेले होते. कोंबडी म्हणजे मांस नाही असं मला चार वेगवेगळ्या लोकांनी समजावलं होतं. 'सियामी' या एका शब्दानं ती सगळी कटकट संपली. कॉप्टिक लोकांच्या उपवासात मांस, दूध, तूप, अंडी काही चालत नाही. असे दिवस वर्षाला दोनशेच्या वर भरतात. ईस्टरच्या आधीचे ५५, नाताळच्या आधीचे ४३, ऑगस्टात मरियमचे १५, आणि बहुतेक सगळे बुधवार-शुक्रवार. दुकानात, हॉटेलात, बिस्किटाच्या पुड्यावर, सगळीकडे 'सियामी' लिहिलेलं असतं. आपल्याकडे उपवासाला भात चालत नाही आणि तिथे उपवासाचा मोठा पदार्थ भातानं ठासून भरलेला, याची सवय व्हायला मला थोडे दिवस लागले.

महशी म्हणजे भरलेलं. एवढाच अर्थ. भरलेली भाजी म्हणायचीही गरज नसते, नुसतं भरलेलं म्हटलं की काय ते कळतं. कोसा, म्हणजे फिकट हिरवी, हाताच्या पंज्याएवढी, झुकिनीच्या जातीची भाजी. बितिंगान म्हणजे वांगं, काळं आणि पांढरं. त्यातल्या सडपातळ, लांबट वांग्याला 'अरूस' म्हणतात, नवरी. सिमला मिरची, टोमॅटो, कांदा. हिवाळ्यात कोबी, आणि द्राक्षाची कोवळी पानं, ज्यांना 'वरअ इनब' म्हणतात. तुर्कांच्या 'डोलमा'शी याचं नातं आहे. ऑटोमन १५१७ मध्ये इजिप्तमध्ये आले, आणि त्यांच्या साम्राज्यात जिथे जिथे स्वयंपाकघर होतं तिथे तिथे काही ना काही भरलं गेलं. युनेस्कोनं २०१७ साली डोलम्याची परंपरा वारशाच्या यादीत घातली ती मात्र अझरबैजानच्या नावावर. तांतला मी हे सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "त्यांच्यात खिमा घालतात ना?" घालतात म्हटलं. मग तिला त्यात पुढे काही रस उरला नाही. इजिप्तच्या घरगुती महशीत आत मांस नसतं. तांदूळ, टोमॅटो, कांदा आणि मुठीमुठीनं पाला. त्या पाल्याला 'खोद्रा' म्हणतात, म्हणजे नुसतं 'हिरवं'. पार्सली, कोथिंबीर आणि शबत. शबत म्हणजे आपला शेपू. पुण्यात ज्या शेपूला मी नाक मुरडायचे, तो शेपू कैरोत मला जिन्यातून वर ओढत न्यायचा.

आणि वांग्याचं तर काय सांगू. संस्कृतातला वातिंगण फारशीत बादिंगान झाला, अरबीत बादिंजान, कैरोत बितिंगान. आपलं वांगं त्याच घराण्यातलं. तांतच्या ओट्यावर पांढऱ्या वांग्यांची रास बघून मला पहिल्यांदा वाटलं की हे माझ्या गावाकडून माझ्याआधी इथे पोचलेलं माणूस आहे.

पण आपलं भरलं वांगं वेगळं. आपण देठ राखून चार चिरा देतो आणि दाण्याचं कूट, खोबरं, गोडा मसाला दाबून भरतो. वांगं वांगंच राहतं, मसाला त्याच्या अंगात शिरतो. महशीत भाजी आधी पोखरतात. तिचं भांडं करतात. आणि त्या भांड्यात कच्चा तांदूळ घालून तो तिच्याच पाण्यात शिजवतात. सगळं अवघड काम त्या पोखरण्यात.

त्यासाठी एक हत्यार असतं, मअवरा. लाकडी मूठ आणि पुढे अर्ध्या नळीसारखं लांब पातं. कोसाचं डोकं छाटायचं, मअवरा थोडा कडेला टेकवायचा आणि भाजी फिरवायची. हात नाही फिरवायचा, भाजी फिरवायची. हे मला कळायला आठवडा गेला. पहिल्या फेरीला गर लांब बत्तीसारखा बाहेर येतो. मग आतल्या भिंती खरवडायच्या, एकेक पापुद्रा, आणि तळ गाठायच्या आत थांबायचं. तळ जवळ आला की पात्याचा आवाज बदलतो, जरा कोरडा होतो. तांत बघायची नाही, ऐकायची. पोखरून झाली की ती प्रत्येक कोसा खिडकीकडे धरून आत डोळा लावायची. हिरवट उजेड सगळीकडून सारखा आला पाहिजे. एका बाजूला अंधार दिसला तर तिकडे गर राहिलाय. मी पहिल्या दिवशी १२ पैकी ५ फोडल्या. फुटलेल्या तिनं बाजूला ठेवल्या, त्यांचा आणि निघालेल्या गराचा रस्सा केला, आणि पुढची कोसा माझ्या हातात दिली. कैरोच्या फुटपाथवर बायका पोखरून ठेवलेली कोसा आणि वांगी विकतात, पिशवीत पाणी घालून. नोकरीवाल्या बायकांना त्या फार उपयोगी पडतात. तांतला त्यात काही गैर वाटत नव्हतं, पण ती आणायची नाही. दुसऱ्यानं पोखरलेल्या भाजीची भिंत किती जाड आहे ते आपल्या हाताला माहीत नसतं, मग मीठ कसं ठरवणार, असं तिचं म्हणणं.

(कोसाचा आणखी एक अर्थ मला बव्वाबनं, म्हणजे इमारतीच्या राखणदारानं शिकवला. कुणाला वशिल्यानं नोकरी लागली की कैरोत म्हणतात, "कोसा!" कारण सांगतात ते असं, की कोसा फार लवकर नासते, म्हणून जुन्या काळी बाजाराच्या वेशीवर कोसाच्या गाडीला रांग मोडून आत सोडायचे.)

आता सारण. इथे मला मीठाकडे यायचंय.

कांदा बारीक चिरून तेलात परतायचा. उपवास नसेल तर तूप. टोमॅटोचा रस ओतायचा आणि तेल सुटेपर्यंत आटवायचा. जिरेपूड, मिरी, मीठ, चिमूटभर वाळका पुदिना. गॅस बंद करून त्यात धुतलेला कच्चा तांदूळ आणि चिरलेला पाला. तांदूळ इजिप्तचाच हवा, बुटका, गोल, शिजला की एकमेकाला धरून राहणारा. नाईलच्या त्रिभुज प्रदेशात तो पिकतो. त्याला पाणी भयंकर लागतं, म्हणून सरकार दरवर्षी किती फद्दानांत तांदूळ लावायचा ते ठरवून देतं. फद्दान म्हणजे एकराहून किंचित मोठा. २०१८ साली अकरा लाख फद्दानांवरून ते सव्वासात लाखांच्या आसपास आणलं, तेव्हा आमच्या गल्लीतल्या वाण्याकडे आठवडाभर दुसरा विषय नव्हता. पण उत्तरेकडे, समुद्राला लागून असलेल्या जमिनीत तांदूळ पूर्ण बंद करता येत नाही. तिथे शेतात गोडं पाणी उभं राहिलं नाही तर खालून समुद्राचं मीठ वर येतं आणि जमीन मरते. तांदूळ तिथे मीठ खाली दाबून धरतो. हे मला हाग्गाच्या नवऱ्यानं सांगितलं. तो त्याच उत्तरेकडच्या कफ्र अश-शेखचा, शेतकऱ्याचा मुलगा. ते ऐकल्यापासून सारणात तांदूळ मिसळताना माझा हात जरा वेगळा चालायला लागला.

मी गेले त्या पहिल्याच वर्षी नाताळच्या आधीच्या उपवासात तांतकडे कैरोतल्याच शुब्रा भागातून बहिणीचं सगळं कुटुंब येणार होतं, १४ माणसं. सारण तयार होतं, मोठ्या परातीत, तांबूस-हिरवं. तांतनं चमच्याच्या टोकावर थोडं घेतलं आणि माझ्यापुढे धरलं. "दूई, या बिन्ती." चव बघ, पोरी. मी विचारलं, तुम्ही नाही बघणार? तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. तिच्या अबूनानं, म्हणजे चर्चच्या फादरनं ठरवून दिल्याप्रमाणे ती दुपारी तीनपर्यंत पाणीही घ्यायची नाही. त्याला इन्किताअ म्हणतात. आणि महशी तीनच्या आत चुलीवर चढायला हवी होती.

आमच्याकडे नैवेद्याच्या स्वयंपाकाची चव बघत नाहीत. आजी वरणावर वाकून नुसता वास घ्यायची आणि मीठ टाकायची. पुरण दोन बोटांत चोळून बघायची. लहानपणी मी एकदा कढीत बोट बुडवलं तेव्हा तिनं सगळी कढी बाजूला काढून नवी केली होती, आणि मला काहीही बोलली नव्हती. ते न बोलणं मला अजून आठवतं. तेव्हापासून दुसऱ्याच्या पातेल्यात जीभ घालायची नसते हे माझ्या हाडात बसलेलं. आणि इथे एक बाई स्वतःच्या उपवासात, देवाच्या नावानं उपाशी राहून, मला म्हणत होती की तूच चव बघ.

मी चमचा तोंडात घेतला. कच्चा तांदूळ दाताखाली कचकन वाजला. टोमॅटोची आंबट-गोडी, मग शेपू, मग शेवटी जिरं. मीठ अगदी बेताचं. मला येत होतं तेवढ्या अरबीत मी म्हणाले, "मज़बूत." हा शब्द मला कॉफीच्या दुकानात मिळाला होता. तिथे साखर बेताची हवी असली की 'मज़बूत' म्हणतात. म्हणजे बरोब्बर, ना कमी ना जास्त. आपला मजबूत त्याच मुळाचा, आणि आपली जप्तीसुद्धा. बांधून ठेवणं, काबूत ठेवणं, असं काहीतरी त्या मुळात आहे. माझी भाषा इथे आहे, नुसती दुसरे कपडे घालून, असं मला त्या शब्दानं वाटायचं.

तांतनं मान हलवली आणि भरायला बसली. पाऊणच भरायचं, वर अंगठ्याच्या पेराएवढी जागा सोडायची, तांदूळ फुगतो म्हणून. पातेल्याच्या तळाशी कोबीच्या कापलेल्या शिरा आणि पाल्याचे देठ. त्यावर भाज्या तोंडं वर करून एकमेकींना टेकून उभ्या. मध्ये कोबीच्या गुंडाळ्या, त्यांच्यात दोन तिखट मिरच्या. सगळ्यात वर टोमॅटो, त्यांचं कापलेलं डोकं टोपीसारखं परत बसवलेलं. उकळतं पाणी, त्यात टोमॅटो आणि जिरं, भाज्यांच्या गळ्यापर्यंत. वर उलटी ताटली दाबून ठेवायची, म्हणजे उकळीत काही हलत नाही. मोठ्या आचेवर एक उकळी, मग पाऊण तास मंद. मग गॅस बंद करून झाकण न उघडता पाव तास. "सब्र," तांत म्हणायची. आपली सबुरी.

माणसं आली, पातेलं मोठ्या थाळ्यात उलटं केलं, वाफ छताला गेली, सगळे टाळ्या वाजवल्यासारखे बोलले. आणि मी पहिला घास घेतला आणि माझ्या पोटात खड्डा पडला. अळणी. सपक नाही, वाईट नाही, पण अळणी. सगळं मीठ तांदळानं आणि कोसानं पिऊन टाकलं होतं. १४ माणसं जेवली. कुणी काही बोललं नाही. तांत शांतपणे उठली, तुरशी आणली, म्हणजे खारवलेलं लोणचं, सलगम आणि गाजराचं, आणि प्रत्येकाच्या ताटाशी ठेवली. मला आजीची कढी आठवली. तेच न बोलणं.

सगळे गेल्यावर मी भांडी घासता घासता रडले. तांतनं माझ्या हातातून पातेलं काढून घेतलं. "कच्चं चाखताना मज़बूत लागलं तर ते कमी आहे," ती म्हणाली. "थोडं खारट लागायला हवं. जिभेनं मागे सरायला हवं. झाकण ठेवलं की मीठ कमी होतं." मग म्हणाली, "तुला मी सांगायला हवं होतं. माझी जीभ तेव्हा बंद होती, आणि मी विसरले की तुझी नवी आहे."

पुढच्या शुक्रवारी तिनं परत चमचा माझ्यापुढे धरला. मला वाटलं होतं, आता नाही धरणार.

नझीरा निकोला नावाची बाई इजिप्तमध्ये होऊन गेली, सगळा देश तिला अब्ला नझीरा म्हणतो. बहिया उस्मान या दुसऱ्या बाईबरोबर तिनं १९४०च्या दशकात स्वयंपाकाचं जाडजूड पुस्तक लिहिलं, आणि दोन-तीन पिढ्यांच्या नव्या नवऱ्या त्यावर शिकल्या. तांतच्या कपाटात ते होतं, लग्नात मिळालेलं, पाठ सुटलेलं. केकसाठी ती ते उघडायची. महशीसाठी कधीच नाही. मी एकदा विचारलं, किलोभर तांदळाला मीठ किती? तिनं विचारलं, कुठल्या भाजीला? कोबीला कमी, कारण तो मिठाच्या आणि जिऱ्याच्या पाण्यात आधी उकळून घेतलेला असतो. द्राक्षाच्या पानाला आणखी कमी, ती खारवलेली असली तर, आणि लिंबू जास्त. वांग्याला जास्त. कोसाला सगळ्यात जास्त, ती नुसती पाणीच. एका परातीतल्या सारणाला ती भाजी बदलताना मध्येच पुन्हा मीठ घालायची आणि पुन्हा चमचा पुढे यायचा. "दूई."

२०१६च्या जूनमध्ये ६ तारखेला रमजान लागला. कैरोत तेव्हा जवळजवळ सोळा तासांचा रोजा, आणि ऊन असं की भिंतीला हात लागला तर भाजायचं. पहिल्या इफ्तारला इजिप्तमध्ये कित्येक घरांत महशी आणि बदक असतं. दुपारी हाग्गाची सून वर आली. हाग्गा तुला बोलावतेय. खाली गेले तर हाग्गा ओट्याशी उभी, समोर परात, आणि हातात चमचा. तांतनं सांगितलं होतं तिला. "ती म्हणते तुला आता कळतं," हाग्गा म्हणाली. तिच्या सारणात साजूक तूप होतं, त्याचा वास वेगळा, भरगच्च. मी चाखलं. जीभ किंचित मागे सरली. "हादेअ शुवय्या," म्हणाले. थोडं खारट आहे. हाग्गा हसली आणि भरायला बसली. बदकाचा रस्सा ओतायच्या आधी तिनं दोन वांगी, तीन कोसा आणि मूठभर पानाच्या गुंडाळ्या एका लहान पातेल्यात वेगळ्या लावल्या आणि त्यात साधं पाणी ओतलं. माझ्यासाठी. त्या महिन्यात तिनं हे प्रत्येक वेळी केलं आणि एकदाही मला सांगितलं नाही की मी हे करते.

२० जूनला तांतचा प्रेषितांचा उपवास लागला, रमजान चालूच होता. दोन आठवडे सगळी इमारत उपाशी होती आणि मी सकाळी वर, दुपारी खाली, अशी कच्चा तांदूळ चावत फिरत होते. माझ्या आयुष्यात मी इतकी उपयोगी कधी नव्हते. मी हे अगदी खरं लिहितेय. नोकरी सोडून गेलेली, भाषा न येणारी, दिवसभर घरात एकटी, अशी होते मी. आणि दोन घरांची ताटं माझ्या जिभेवर अवलंबून होती.

त्याच वर्षी नोव्हेंबरात सरकारनं पाउंड, म्हणजे इजिप्तचं चलन, बाजारभावावर मोकळा सोडला आणि दीड महिन्यात त्याची किंमत निम्म्याहून खाली आली. साखर मिळेना, तेल महागलं, मांस तर बोलायलाच नको. तांतचा नाताळचा उपवास नुकताच सुरू झालेला. डिसेंबर म्हणजे कोबीचे दिवस. बलदी, म्हणजे गावठी कोबी, पसरट, फिकट, एकेक गड्डा बाळाएवढा. ११ डिसेंबरला, रविवारी सकाळी, अब्बासियातल्या मोठ्या कॅथेड्रलला लागून असलेल्या चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना बॉम्ब फुटला. बायका बसतात त्या बाजूला. गेलेल्यांत बहुतेक बायका आणि मुली होत्या. अब्बासिया आमच्यापासून लांब नाही. तांतच्या ओळखीतली दोन घरं त्यात होती.

दुसऱ्या दिवशी मी वर गेले तेव्हा दार उघडंच होतं. तांत जेवणाच्या टेबलाशी बसली होती, समोर उकडलेल्या कोबीच्या पानांचा ढीग. ज्या घरात माणूस गेलंय तिथे जेवण पोचवायचं होतं. पानं कापायची, मधली शीर काढायची, सारणाची एक रेघ, गुंडाळायचं, बाजूला ठेवायचं. तिचे हात चालत होते, चेहरा कुठेच नव्हता. मी बसले आणि गुंडाळायला लागले. थोड्या वेळानं हाग्गा आली. गुडघ्यानं बेजार बाई, ती कधी जिना चढायची नाही. दोन मजले चढून आली होती. तिनं ओढणीचं टोक मागे खोचलं, खुर्ची ओढली, एक पान पुढ्यात घेतलं. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. पानाचा ओला आवाज तेवढा. मग हाग्गा म्हणाली, "तू गुंडाळतेस फार जाड. माझ्याकडे बघ." आणि तांत तिच्याकडे बघायला लागली. पन्नास वर्षं महशी करणारी तांत, हाग्गाकडे बघून बोटाएवढी गुंडाळी करायला लागली. पातेली भरली तेव्हा तीन वाजायला आले होते. त्या दिवशी कुणी कुणाला चव बघायला सांगितलं नाही. सारण कसं झालं होतं, मला माहीत नाही.

२०१८च्या शेवटी आम्ही परत आलो. निघताना तांतनं मअवरा दिला, स्वतःचा. मूठ तिच्या अंगठ्याला बेतलेली, एका बाजूला खोलगट. पुण्यात झुकिनी मिळते, पण ती गडद सालीची आणि लांबडी. उजेड दाखवत नाही. मी छोटी पांढरी वांगी शोधते, सिमला मिरची, आणि थंडीत कोबी. तांदूळ मी इंद्रायणी वापरते. तो चिकट, एकमेकाला धरणारा, इजिप्तच्या तांदळाच्या जितकं जवळ जाता येईल तितका. आंबेमोहोरानं केलं तर वास शेपूशी भांडतो. आईला महशी आवडते, पण सोमवारी तिचा उपवास असतो आणि ती मला दारातूनच सांगते, वासावरून, की आज मीठ कमी आहे. बहुतेक वेळा तिचं बरोबर असतं. तिनं एकदा म्हटलं, तुझी आजी असती तर तिलाही जमलं असतं हे. मी विचार केला, आजीनं मला चाखायला दिलं असतं का. मला वाटत नाही. आणि तरी, अळणी महशीच्या त्या दिवशी तांत जे गप्प राहिली, ते मला समजलं ते आजीमुळेच.

हाग्गा तीन वर्षांपूर्वी गेली. तांतनं फोनवर सांगितलं, आणि सांगता सांगता म्हणाली की मी तीन दिवस तिच्या घरी जेवण पोचवलं, सगळं तुपातलं, तिला आवडायचं तसं, मी उपवासात होते तरी.

परवा तिचा व्हिडिओ कॉल आला. ईस्टरच्या आधीचा मोठा उपवास चालू आहे. ओटा तोच, खिडकी तीच, पोखरलेल्या कोसांची रांग उजेडात. मी विचारलं, आता चव कोण बघतं? तिनं कॅमेरा खाली वळवला. बव्वाबची धाकटी, आठ वर्षांची असेल, स्टुलावर उभी, केसांना लाल रबर. तांतनं चमचा तिच्यापुढे धरला. पोरगी चावत राहिली, भुवया आक्रसून, फार वेळ. मला फोनमधून कच्च्या तांदळाचा आवाज आला.

"हादेअ शुवय्या," ती म्हणाली.

तांतनं परात पुढे ओढली आणि भरायला घेतलं.